आजोबांचं वजन आणि माझा इंग्रजी तक्ता

जुई आणि निखिल,

तुमच्या आजोबांचा कॅन्सर मी आहाराच्या तक्त्याने बरा केला, ही आपल्या घरात गेली चार वर्षं सांगितली जाणारी गोष्ट खोटी आहे.

ती खोटी आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण लग्नाच्या पंगतीत कोणी ती सांगायला लागलं की दरवेळी मधेच थांबवून दुरुस्ती करणं जमत नाही (विशेषतः गोष्टीत आपलंच कौतुक असेल तर). आता मात्र थांबवायला हवं. कारण गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर जुई म्हणाली, "आजी, माझ्या मैत्रिणीच्या आईला कॅन्सर झालाय. तिला काय काय सप्लिमेंट्स द्यायचे ते हवंय. बाबाच्या जुन्या फोनमध्ये तुझ्या चार्टचा फोटो आहे. पाठवू?"

मी "नको!" असं इतक्या जोरात ओरडले, की आजोबांच्या बशीतला चहा लेंग्यावर सांडला आणि तुमचा बाबा तिकडून म्हणाला, "आई, स्पीकर फुटेल!"

नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही, हे मला कळतं. तुम्ही कारण विचारणारी मुलं आहात. म्हणून हे सविस्तर, आणि मुद्दाम मराठीत. तुमच्या शनिवारच्या मराठी शाळेच्या वेगाने वाचलंत तरी चालेल. मराठीतच का, तेही पुढे कळेल.

आजोबांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा तुम्ही लहान होता. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, आणि केमोच्या आठ फेऱ्या ठरल्या. दर तीन आठवड्यांनी एक. अडुसष्ट किलोचे आजोबा ऑपरेशननंतर साठ किलोचे झाले. डॉक्टर तरुण होते आणि मोजकं बोलायचे. म्हणाले, "औषधाचं मी बघतो. तुम्ही वजन बघा. सत्तावन्नच्या खाली गेलं तर मला केमो थांबवावी लागेल."

'तुम्ही वजन बघा' हे वाक्य त्यांनी जगात कोणालाही म्हणावं, मला म्हणायला नको होतं! मी एकतीस वर्षं कॉलेजची ग्रंथपाल होते. एखादी जबाबदारी माझ्याकडे आली की मी आधी वही आखते, मग विचार करते.

आता, आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कोणी रिकाम्या हाताने येत नाही. पूर्वी मोसंबी आणि ग्लुकोजची बिस्किटं आणायचे. पण कॅन्सर म्हटल्यावर मोसंबी नेताना माणसाला कमीपणा वाटतो. इतक्या मोठ्या आजाराला तितकंच मोठं काहीतरी न्यायला हवं!

पहिली आली तुमची सिंधूआजी. आजोबांची धाकटी बहीण. सायखेड्याहून एसटीने, डोक्यावर पाटी घेऊन आपला गंगापूर रोडवरचा जिना चढली. पाटीत पत्र्याचे सात डबे, आणि प्रत्येक डब्यात बोटबोट उगवलेले गव्हांकुर. सात वारांचे सात.

"वैनी, याचा रस द्या दादाला. लय भारी असतंय. आमच्या गल्लीतली म्हातारी याच्यावर उठून बसली."

"काय झालं होतं तिला?"

"गुडघं."

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे निकम आले. मोठा प्लॅस्टिकचा कॅन घेऊन. "वहिनी, कॅन्सरला आम्ल लागतं. हे पाणी अल्कलीचं आहे. त्याला जगायलाच जागा उरणार नाही!" (कोणाला, कॅन्सरला की आजोबांना, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.) मग माझा भाचा प्रमोद आला. तो तेव्हा नुकताच कुठल्याशा साखळीत सामील होऊन पावडर विकायला लागला होता. 

"मावशी, यात बावीस फळं आहेत."

"मग एखादं फळच आणायचंस ना रे."

"मावशी, फळात एकच फळ असतं!"

मी डबा ठेवून घेतला.

मग रांगच लागली. गुळवेलीचा काढा, कडुनिंबाचा रस, हळदीच्या गोळ्या, लक्ष्मणफळाची पानं, जवसाचं तेल, बिटाचा रस, गोमूत्राचा अर्क, जर्दाळूच्या बियांतला गर. एक बाई तर अशा आल्या, की आम्ही त्यांना ओळखत नव्हतो आणि त्या आम्हाला. चुकून आमच्या मजल्यावर आल्या होत्या. पण घरात कॅन्सर आहे म्हटल्यावर पिशवीतली शेवग्याच्या पानांची पूड ठेवूनच गेल्या! दोन आठवड्यांत सतरा वस्तू झाल्या. मी नंतर पुष्कळदा विचार केला, की सतरा माणसं आपापलं काम सोडून, कोणी एसटीने, कोणी रिक्षाने, एका माणसाला जगवायला आली. ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण त्या वेळी मला एवढंच दिसलं, की सतरा वस्तू आहेत आणि त्या ओट्यावर अस्ताव्यस्त पडल्या आहेत.

ग्रंथालयात देणगी आली की ती फेकत नाहीत. तिची नोंद करतात, वर्गवारी करतात, आणि ती वाचकापर्यंत पोचवतात. मी तेच केलं. प्रत्येक बाटलीला दाखल क्रमांक दिला. पाठीवर चिठ्ठी चिकटवली. वहीत दात्याचं नाव लिहिलं. फरक एवढाच, की या ग्रंथालयात वाचक एकच होता.

शिवाय देणारी माणसं नुसती देऊन थांबत नव्हती. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, फोनवर विचारायची, "चालू आहे ना?" आता मला खोटं बोलता येत नाही. 'चालू आहे' म्हणायचं असेल, तर ते चालू ठेवणं भाग होतं. सतराच्या सतरा.

अडचण अशी, की दात्यांचं आपसात पटत नव्हतं. निकम म्हणत, दूध म्हणजे विष. सिंधूआजी म्हणे, दूध नाही तर माणूस उभा कसा राहायचा. प्रमोदच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, साखर आणि गोड बंद. दुसऱ्या एकाने दोन किलो खजूर आणला होता. एकीने गहू वर्ज्य सांगितला होता, आणि गॅलरीत गव्हांकुराचे सात डबे! दुसरी कोणी असती तर गोंधळली असती. मी नाही गोंधळले. मी सम आणि विषम तारखा केल्या. विषम तारखेला दूध विष, सम तारखेला अमृत. एकतीस तारखेनंतर लगेच एक तारीख येते आणि दोन दिवस लागोपाठ विष पडतं, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं होतं. त्यासाठी खाली तळटीप होती.

तो तक्ता मी इंग्रजीत टाइप केला. आमची पिढी महत्त्वाचं काही लिहायचं झालं की इंग्रजीत लिहिते, निदान मी तरी. मथळा होता 'अ डेली न्यूट्रिशनल रेजिमेन'. पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेसात. दर वीस-पंचवीस मिनिटांनी एक नोंद. चमचा सपाट की शिगोशीग, तेही दिलेलं. फ्रिजवर लावला, आणि स्वयंपाकाचं घड्याळ आजोबांच्या उशाशी ठेवलं. ते वाजलं की आजोबा तोंड उघडत.

तुमचे आजोबा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासणी विभागात होते, हे तुम्हाला माहीत आहे. सुट्या भागात केसाएवढा फरक दिसला तरी लाल शिक्का. साहेब येऊन मागे उभा राहिला तरी लाल शिक्का. असा माणूस नियमाला कधी नाही म्हणत नाही. सगळं निमूटपणे प्यायले. एकदाच विचारलं,

"अगं, जेवण?"

"आहे ना. एक पाच ते एक वीस."

"पंधरा मिनिटं?"

"एक वीसला बिटाचा रस आहे."

आजोबांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. "पोट भरलंय गं." भरणारच! तोवर सहा पेले आणि नऊ चमचे आत गेले होते. मी ते दोन घासही तक्त्यात लिहून ठेवले आणि वेळ वाचली म्हणून हळदीची गोळी पाच मिनिटं आधी दिली.

दुसऱ्या केमोच्या दिवशी वजन भरलं अठ्ठावन्न किलो सहाशे. तीन आठवड्यांत जवळजवळ दीड किलो उतरलं होतं. डॉक्टरांनी काट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. परत येताना रिक्षात मला रडू आलं. मी सहसा रडत नाही, त्यामुळे मला ते नीट जमतही नाही. उचकी लागल्यासारखा आवाज येतो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. आजोबा बाहेर बघत माझ्या गुडघ्यावर थोपटत राहिले.

घरी आल्यावर मी जे करायला हवं होतं ते केलं नाही. तक्ता आणखी कडक केला.

आणि काय आश्चर्य! तिसऱ्या वेळी वजन एकोणसाठ. चारशे ग्रॅम वाढ! चौथ्या वेळी एकोणसाठ चारशे. पुन्हा चारशे! डॉक्टर म्हणाले, "छान. जे करताय ते चालू ठेवा." झालं! मी आलेखाचा कागद आणला आणि रेघ काढली. पट्टी लावल्यासारखी सरळ. शिस्तीचं फळ असंच सरळ असतं, असं मी तुमच्या बाबाला फोनवर सांगितलं आणि तक्त्याचा फोटो पाठवला. (तोच तो फोटो.)

इथेच थांबले असते तरी चाललं असतं. पण केमोच्या खोलीत बाकीच्या बायका विचारायला लागल्या, "तुमच्या यांचं वाढतं कसं हो? आमच्या यांना तर पाणी पचत नाही." मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून अकरा प्रती काढल्या. लॅमिनेट केल्या. पलंगापलंगाशी जाऊन वाटल्या. सटाण्याकडच्या एक बाई होत्या, इंदूबाई. नवऱ्याला घेऊन यायच्या. त्यांनी प्रत दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली. 

"बाई, तुमना लई उपकार शेत."

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी स्वतःच्या मनात एका छोट्या पुस्तिकेची प्रस्तावना लिहीत होते.

एप्रिल उजाडला. नाशिकचं ऊन असं, की गॅलरीतले गव्हांकुर दुपारी माना टाकायचे. आणि आजोबा शर्टाच्या आत जाड कापडाची बंडी घालून केमोला निघाले!

"अहो, उकडेल!"

"केमोने थंडी वाजते गं."

ते खरंही होतं. त्या औषधाने हातपाय गार पडायचे. सिंधूआजीने ती बंडी खास शिवून आणली होती. दर केमोच्या आदल्या दिवशी ती सायखेड्याहून पिशवी घेऊन येई आणि म्हणे, "द्राक्षं हायेत." द्राक्षांची पिशवी खाली ठेवताना फरशीवर 'ठण्ण' असा आवाज का येतो, हे मी विचारायला हवं होतं. मी तेव्हा चमचा सपाट करण्यात गुंतले होते.

पाचव्या वेळी वजन एकोणसाठ आठशे. चारशे! मी आलेख पिशवीतून काढलाच होता, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "आमच्याकडे नवीन आहारतज्ज्ञ आल्यात. त्यांनाही दाखवा तुमचा तक्ता. बघू दे त्यांना."

मी अगदी उत्साहाने गेले. शाहीन मॅडम मालेगावच्या. वडील यंत्रमागावर कामाला, आणि ही मुलगी शिकून इथे खुर्चीवर बसलेली. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. मी मनात म्हटलं, बिचारीला काहीतरी शिकायला मिळेल.

तिने तक्ता वाचला. सगळा. तळटीपांसकट. मग आलेख हातात घेतला आणि रेघेवरून बोट फिरवलं.

"काकू, ही रेघ तुम्ही काढली?"

"हो! सुंदर आहे ना?"

"जास्तच सुंदर आहे. चारशे, चारशे, चारशे. माणूस असा वाढत नाही, काकू. माझ्या अब्बांच्या मागावरचं कापडसुद्धा रोज एवढं सारखं निघत नाही."

मी काही बोलणार, तोवर ती उठून आजोबांपाशी गेली. त्यांचं मनगट धरलं. घड्याळ कोपरापर्यंत वर सरकलं. गालाखाली बोट ठेवून पाहिलं.

"काका, बंडी काढता का जरा?"

"थंडी वाजते," आजोबा म्हणाले. कपाळावरून घाम निथळत होता.

"मी पंखा बंद करते. काढा."

आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्या आजोबांना एखाद्या लहान मुलासारखं जमिनीकडे बघताना पाहिलं. त्यांनी हळूहळू शर्ट काढला. मग बंडी काढून टेबलावर ठेवली. ठण्ण! शाहीन मॅडमनी आतले खिसे उलटे केले. दोन किलोचं एक वजन. एक किलोचं एक. दोनशे ग्रॅमचं एक. लोखंडी, कांद्याच्या काट्यावरची, सिंधूआजीच्या घरची!

शाहीन मॅडमनी त्यांना तिथल्या काट्यावर उभं केलं. छप्पन्न किलो सहाशे.

"म्हणजे..." मी म्हणाले आणि खुर्ची शोधायला लागले. "म्हणजे दरवेळी तुम्ही..."

"घरच्या काट्यावर आधी खरं वजन बघायचो. मग कमी पडेल तेवढं घालायचो." आणि मग, मुलांनो, त्या माणसातला तपासणी अधिकारी जागा झालाच. "एकदाही दहा ग्रॅमचा फरक आलेला नाही."

"पण का? तुम्ही? तुम्ही आयुष्यात एक चुकीचा पार्ट पास केला नाहीत!"

"हा एक केला," आजोबा म्हणाले. "तू रिक्षात रडलीस ना त्या दिवशी."

शाहीन मॅडमनी उठून पंखा पुन्हा लावला.

"मग मला सांगायचं होतंत, की नको हे सगळं!"

"सांगणार होतो. पण तू इतकं नीट टाइप केलं होतंस."

डॉक्टर आले. मी त्यांना रागावलेलं प्रथमच पाहिलं. त्यांचं बरोबरच होतं. "काका, मी औषधाचा डोस ठरवताना वजन धरतो! तुम्ही मला खोटं वजन देत होता!" आजोबा उभेच राहिले, हात मागे बांधून. पाचवी केमो थांबली. डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे. सत्तावन्नच्या वर आणा, तरच पुढे." आणि त्या दिवशी मला कळलं, की मी ज्या गोष्टीच्या भीतीपोटी तक्ता केला होता, ती गोष्ट तक्त्यानेच घडवून आणली.

सिंधूआजीला फोन केला, तर ती शांत. "दादा म्हनला वजनं आन, मी आनली. काय करनार ते कुटं इचारलं मी? बंडीला आतून खिसं लाव म्हनला, लावलं. वैनी, तो आजवर माझ्याकडं कधी काय मागत नाय. मागितलं तर मी ट्रॅक्टर बी आनला असता."

दुसऱ्या दिवशी शाहीन मॅडमच्या सांगण्यावरून मी सतरा वस्तू दोन पिशव्यांत भरून नेल्या. क्रमांकाप्रमाणे टेबलावर मांडल्या. मला वाटलं होतं ती हसेल. हसली नाही. एकेक बाटली उचलून, दात्याचं नाव वाचून बाजूला ठेवत होती. "केमो चालू असताना कच्चे रस नकोत काकू, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असतात, जंतू लगेच धरतात. ह्या काढ्याने यकृताला त्रास होऊ शकतो. ह्या गोळ्या केमोच्या औषधात ढवळाढवळ करू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही." जर्दाळूच्या बियांपाशी मात्र तिने स्वतःचा हात मागे घेतला. "या अल्ला. काकू, हे किती दिले?"

"रोज दोन. तक्त्यात तीन होते, पण तिसऱ्याला वेळ उरत नव्हता."

"वेळ उरला नाही, तेच बरं झालं. हे विषारी असतं."

मी त्या बियांवरची दाखल क्रमांकाची चिठ्ठी ओरबाडून काढली.

शेवटी पिशवीच्या तळाशी एक अठरावा डबा उरला. प्रथिनांच्या पावडरीचा, जो डॉक्टरांनीच पहिल्या दिवशी लिहून दिला होता. तो मी उघडलाच नव्हता. कारण तो कोणी भेट आणला नव्हता, त्यामुळे त्याला दाखल क्रमांक नव्हता!

मग तिने कोरा कागद घेतला. मी पेन पुढे केलं. तिने ते घेतलं आणि विचारलं, "काकू, काकांना काय आवडतं?"

मी तोंड उघडलं. निकमांना काय आवडतं ते मला माहीत होतं. प्रमोदच्या पुस्तिकेला काय आवडतं ते पाठ होतं. आजोबांना? एकेचाळीस वर्षांचा संसार! आधी माहीत होतं, नक्की माहीत होतं. पण गेल्या तीन महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

आजोबाच म्हणाले. अगदी हळू. "पिठलं-भात. मऊ. वर तूप."

"छान! अजून?"

"दाण्याची आमटी. सिंधू करते तशी. उकडलेलं अंडं." मग माझ्याकडे चोरून बघत, "दुधात भाकरी. कोणतीही तारीख असली तरी."

शाहीन मॅडमचा आहाराचा कागद अर्ध्या पानाचा होता. थोडं थोडं, दर दोन-अडीच तासांनी. शिजवलेलं, ताजं. डाळ, अंडं, दूध, तूप, दाण्याचं कूट. पाणी जेवणाआधी पोटभर नको. डॉक्टरांचा डबा दोन चमचे. ही तुमच्या आजोबांपुरती यादी होती. तिने बजावून सांगितलं, की दुसऱ्याला ही देऊ नका, प्रत्येकाचं आतडं वेगळं, औषध वेगळं. हे ऐकलं आणि मला अकरा प्रती आठवल्या!

मी तशीच धावले. या वयात धावणं म्हणजे भराभर चालणं आणि तोंडाने धापा टाकणं. केमोच्या खोलीत पलंगापलंगाशी जाऊन म्हणत होते, "तो कागद परत द्या हो, कृपा करून!" एकाने तो पंखा म्हणून वापरला होता. एकीने त्यावर पोळपाट ठेवला होता. एकाच्या नातवाने मागच्या बाजूला गाय काढली होती. आणि पाळला? कोणीच नाही. एकानेही नाही!

इंदूबाई म्हणाल्या, "बाई, कागद देवघरमा ठेयेल शे. रोज हळद-कुंकू लावस मी."

"पण त्यातलं काही दिलं तर नाही ना त्यांना?"

"कसं देऊ? इंग्रजी माले कोठे समजस? मी तर भाकर आणि कुळिथनं पिठलं देस. तीन किलो वाढनात."

मी तिथेच स्टुलावर बसले. त्या खोलीत एकालाही तो वाचता आला नव्हता. माझ्या एम.ए.च्या इंग्रजीने, सेमिकोलनसकट, अकरा माणसांना वाचवलं होतं. (तुम्हा दोघांना मात्र इंग्रजी फारच उत्तम येतं. म्हणून मला गेल्या रविवारी ओरडावं लागलं. आणि इंग्रजीत पुन्हा कोणाला सल्ला लिहायचा नाही असं मी तेव्हाच ठरवलंय, म्हणून हे पत्र मराठीत.)

पुढचे दोन आठवडे सिंधूआजी इथेच राहिली. स्वयंपाक तिचा. मला कागद-पेन हातात घ्यायला बंदी होती. "वैनी, तुमी नुसतं बसा दादाजवळ." भेटायला येणारी माणसं तर थांबत नव्हती. कोणी "काय आणू?" असं विचारलं, की मी म्हणत असे, "अंडी." चार दिवसांत नऊ डझन अंडी झाली! निकमांनी दोन डझन आणली आणि अल्कलीचा कॅन खाली मान घालून परत नेला. प्रमोदनेही आणली, पण तीस अंड्यांचा अख्खा ट्रे! म्हणाला, "मावशी, यात एकच वस्तू आहे. चालेल ना?"

मी आजोबांजवळ बसून राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी चार घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी सात. (मी मोजले. मनात. लिहिले नाहीत!) पिठल्यात भात कालवून, तुपाची धार वर, ते घास तोंडात घेऊन डोळे मिटत. सहाव्या दिवशी घड्याळ मनगटावरून खाली आलं नाही, पण वरही गेलं नाही. नवव्या दिवशी गालावर काहीतरी आहे असं वाटलं. मी चष्मा पुसून पाहिलं. होतं.

मी सत्तर वर्षं माणसं जेवताना पाहिली आहेत. तुमचा बाबा माझ्याच हातचं खाऊन सहा फुटांचा झाला. तरी बेसन, पाणी आणि तूप आत जातं आणि त्याचा माणूस होतो, हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. एवढंसं पिठलं. त्याला कुठे जायचं ते कोणी सांगत नाही, वेळापत्रक देत नाही, आणि तरी ते बरोबर गालापर्यंत पोचतं! एकतीस वर्षं मी पुस्तकं जागच्या जागी ठेवली. इतकी अचूक मांडणी मला एकदाही जमली नव्हती.

दोन आठवड्यांनी शाहीन मॅडमनी आजोबांना काट्यावर उभं केलं. आधी बंडी, मग पट्टा, मग घड्याळ काढायला लावलं. चष्मासुद्धा. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. कारण मला बघायचं नव्हतं, आणि ऐकायचंही नव्हतं, पण कान बंद करता येत नाहीत.

"काकू, वळा. सत्तावन्न दोनशे."

दोनशे ग्रॅम. सत्तावन्नच्या वर फक्त दोनशे ग्रॅम! एका वाटीएवढा माणूस. डॉक्टरांनी काट्याखाली वाकून पाहिलं, आजोबांच्या पायांत काही बांधलंय का ते! मग हसले आणि सिस्टरला म्हणाले, "लावा सलाईन." मी परत जाताना रिक्षात रडले. आजोबांनी या वेळी काही केलं नाही. त्यांना माहीत होतं, हे वेगळं आहे. 

पाचवी झाली, सहावी, सातवी आणि आठवी झाली. कधी वजन चारशेने वाढलं, कधी सहाशेने घटलं, कधी आठवडाभर हललंच नाही. आलेख काढला असता तर डोंगराचा चढउतार दिसला असता. मी काढला नाही.

उपचार संपून चार वर्षं झाली. तपासण्या होतात, डॉक्टर समाधानाने मान डोलावतात, आम्ही घरी येतो. आजोबा आहेत. आत्ता पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले आहेत. कॅन्सरमधून त्यांना डॉक्टरांनी वाचवलं. माझ्यातून मात्र ते स्वतःच्याच हिमतीवर वाचले.